धागा : ठोके अनियमित असलेल्या वडिलांना रक्त न गोठण्याची गोळी कायमची द्यावी का?

पऱ्हाटी

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी आहोत. वडिलांचे वय ७१ असून रक्तदाब आणि मधुमेह या दोन्हींची औषधे त्यांना अनेक वर्षांपासून सुरू आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या ईसीजीत ठोके अनियमित आढळले. तालुक्याच्या डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशन असे निदान लिहिले, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाच्या झडपा चांगल्या असल्याचे सांगितले आणि अपिक्सॅबान ५ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ कायमची घ्यायला सांगितली.

अडचण अशी आहे की बाबांना कोणताही त्रास जाणवत नाही. ते रोज शेतात जातात, दमही लागत नाही. न दुखणाऱ्या आजारासाठी आयुष्यभर गोळी कशाला, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आलेले नाही. शेजारी सांगतात की ही गोळी घेतल्यावर विळा लागला तर रक्त थांबणार नाही. मोठेबाबा म्हणतात की ॲस्पिरिनही रक्त पातळ करते आणि अगदी स्वस्त मिळते, मग तीच द्यावी. कुणीतरी असेही सांगितले की हे मुळात उंदीर मारण्याचे औषध आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ग्रामीण_वैद्यक

मी वर्धा जिल्ह्यात मेडिसिनचा डॉक्टर म्हणून काम करतो. आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो. ही गोळी त्यांच्या आजच्या त्रासासाठी दिलेली नाही. ती पक्षाघात, म्हणजे गावाकडे ज्याला लकवा म्हणतात, तो टाळण्यासाठी दिली आहे.

हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, तेव्हा डाव्या अलिंदाला जोडलेल्या लहानशा पिशवीत रक्त रेंगाळते. रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी होते, ती सुटून रक्ताबरोबर मेंदूकडे जाते आणि तेथील एखादी मोठी धमनी बंद करते. अशा गुठळ्या आकाराने मोठ्या असतात, त्यामुळे या कारणाने होणारा पक्षाघात सहसा अधिक तीव्र असतो. माणूस वाचला तरी हात, पाय किंवा वाचा परत येईलच असे नसते. या विकारात पक्षाघाताचा धोका साधारण पाच पट वाढतो आणि छातीत धडधड जाणवते की नाही, याच्याशी त्या धोक्याचा संबंध नसतो.

धोका मोजण्याची एक साधी रीत आहे. हृदयाची ताकद कमी झालेली असणे, रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाच्या किंवा पायाच्या धमन्यांचा आजार यांना प्रत्येकी १ गुण; वय ६५ ते ७४ असल्यास १ आणि ७५ किंवा अधिक असल्यास २; पूर्वी पक्षाघात होऊन गेला असल्यास २. जुन्या पद्धतीत स्त्रियांना आणखी १ गुण देत असत, युरोपातील २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो वगळला आहे. आपल्या वडिलांचे वय, रक्तदाब आणि मधुमेह धरून ३ गुण होतात. गोळी न घेणाऱ्या अशा १०० माणसांपैकी साधारण ३ जणांना दर वर्षी पक्षाघात होतो. एका वर्षापुरता हा आकडा लहान वाटेल, परंतु तो दर वर्षी नव्याने लागू होतो आणि वय वाढेल तसा वाढत जातो. योग्य गोळी नियमित घेतली तर हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो.

आता ॲस्पिरिनविषयी. दोन्ही औषधांना लोक एकच नाव देतात, म्हणून हा घोटाळा होतो. ॲस्पिरिन रक्तातील बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर) काम करते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना किंवा स्टेंट बसवलेल्यांना तिचा उपयोग आहे. अलिंदात साचलेल्या रक्ताची गुठळी मात्र प्रामुख्याने रक्त गोठवणाऱ्या घटकांमुळे होते आणि तेथे ॲस्पिरिन फारच तोकडी पडते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ॲव्हेरोज या चाचणीत, वॉरफरिन ही रक्त न गोठण्याची जुनी गोळी देणे सोयीचे नव्हते अशा ५,५९९ रुग्णांमध्ये ॲस्पिरिन आणि अपिक्सॅबानची थेट तुलना झाली. ॲस्पिरिनच्या गटात वर्षाला ३.७ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला किंवा अन्यत्र गुठळी अडकली, अपिक्सॅबानच्या गटात १.६ टक्के. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे होते, १.२ आणि १.४ टक्के. याचा अर्थ, ॲस्पिरिन देऊन रक्तस्रावाचा धोका जवळजवळ तेवढाच पत्करावा लागतो आणि संरक्षण मात्र फार थोडे मिळते. मोठेबाबांना हे अवश्य सांगावे.

मोर्शीकर

डॉक्टरसाहेबांचा आदर राखून दुसरी बाजू मांडतो. माझ्या सख्ख्या काकांना हीच गोळी सुरू होती. सहा-सात महिन्यांनी त्यांना डांबरासारखी काळी शौचास होऊ लागली, रक्त इतके कमी झाले की नागपूरला भरती करून रक्त चढवावे लागले. घरच्यांनी त्यानंतर गोळी बंद केली. वाचकांना फक्त फायदा सांगितला जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

औषधी_दुकान

भाऊ, काकांच्या बाबतीत एक विचारतो. त्या काळात ते कंबर किंवा गुडघे दुखतात म्हणून आणखी काही गोळ्या घेत होते काय?

मी तालुक्याच्या ठिकाणी औषधांचे दुकान चालवतो. वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीच्या गोळ्यांचा खप किती वाढतो, ते रोज पाहतो. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे जठराच्या अस्तराला इजा करतात. त्यांच्या जोडीला रक्त न गोठण्याची गोळी असली की लहानशा जखमेतूनही रक्त झिरपत राहते. अडचण अशी की चिठ्ठीशिवाय एक-दोन गोळ्या सुट्या मागणारा माणूस आपल्याला दुसरे कोणते औषध सुरू आहे हे सांगत नाही, आणि गर्दीत दुकानदारही विचारत नाही. या रुग्णांना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सांगितलेल्या प्रमाणात चालते. बाकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मोर्शीकर

होय, गुडघ्यांसाठी गोळ्या घेत होते आणि गावातील एका दवाखान्यात अधूनमधून कंबरेत इंजेक्शनही घेत होते. त्या इंजेक्शनच्या जागी एकदा मोठी काळीनिळी गाठ आली होती, हे आता लक्षात येते. दोन्हींचा संबंध आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

ग्रामीण_वैद्यक

मोर्शीकर, आपण हे लिहिले ते फार बरे झाले, कारण रक्तस्रावाचा धोका खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात कुणाचेही हित नाही. ॲरिस्टॉटल नावाच्या चाचणीत १८,२०१ रुग्ण होते. तेथे मोठा रक्तस्राव वॉरफरिनच्या गटात वर्षाला ३.१ टक्के आणि अपिक्सॅबानच्या गटात २.१ टक्के इतका आढळला. मेंदूतील रक्तस्राव नव्या गोळीने निम्म्याहून कमी झाला. शून्य मात्र कोणत्याही गोळीने होत नाही.

तरीही पोटातील रक्तस्राव आणि पक्षाघात यांना मी एकाच पारड्यात घालत नाही. पोटातला रक्तस्राव वेळेवर ओळखला तर बहुतेक वेळा थांबवता येतो, जखम भरते, माणूस पुन्हा कामाला लागतो. मेंदूचा मेलेला भाग परत मिळत नाही. म्हणून रक्तस्राव झाल्यानंतर विचारायचा प्रश्न असा असतो की तो कशामुळे झाला आणि ते कारण दूर करून गोळी पुन्हा केव्हा सुरू करता येईल. दुखण्याच्या गोळ्या बंद करणे, जठराचे रक्षण करणारे औषध जोडणे, एंडोस्कोपी करून व्रण पाहणे, रक्तदाब १३० ते १४० च्या आत ठेवणे, दारू सोडणे, मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा तपासणे, हे सारे त्यात येते. काकांची गोळी बंद होऊन किती काळ लोटला ते मला माहीत नाही, परंतु त्यांना कृपया पुन्हा एकदा फिजिशियनकडे न्यावे. आज ते पूर्णपणे असंरक्षित आहेत.

कंबरेत किंवा दंडात खोलवर टोचायचे इंजेक्शन या रुग्णांनी साध्या दुखण्यासाठी घेऊ नये. धनुर्वातासारखी आवश्यक लस द्यायची असेल तर बारीक सुईने देऊन काही मिनिटे दाबून धरावे लागते.

आर्वीची_लेक

माझ्या आईचा अनुभव थोडा वेगळा आहे. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापामुळे तिच्या हृदयाची झडप अरुंद झाली असून ठोकेही अनियमित आहेत. तिला असिनोकुमेरॉल ही वॉरफरिनसारखी जुनी गोळी सुरू आहे आणि पीटी-आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी वारंवार करावी लागते. डॉक्टरांनी हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवायला सांगितला आहे. २ च्या खाली गेला तर गुठळीचे भय आणि फार वर गेला तर रक्तस्रावाचे.

सुरुवातीला हा आकडा एकसारखा वरखाली होत असे. गावात तपासणी होत नाही, बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन रक्त द्यावे लागते आणि अहवाल संध्याकाळी मिळतो. आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून हिरव्या भाज्या पूर्ण सोडल्या होत्या. नंतर कळले की सोडायची गरजच नाही, फक्त प्रमाण सारखे ठेवायचे आहे. हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), चवळीची पाने स्वस्त होतात आणि घरोघरी दोन्ही वेळेस पालेभाजी असते. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करत असल्यामुळे आकडा खाली येतो. उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी झाली, बेसन आणि डाळीवर भागवू लागलो की तोच आकडा वर चढतो. आता आम्ही वर्षभर थोडी पालेभाजी ठरावीक दिवशी ठेवतो आणि ऋतू बदलताना तपासणी एकदा जास्त करतो. एका वहीत तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा लिहून ठेवतो. डॉक्टर बदलले तरी ही वही कामास येते.

गोळीच्या ताकदीकडेही लक्ष असावे. १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅमच्या पट्ट्या बऱ्याचदा सारख्याच दिसतात, म्हणून नवी पट्टी आणली की मी नाव आणि आकडा दोन्ही मोठ्याने वाचून घेते.

पऱ्हाटी

ताई, आपण फार उपयुक्त लिहिले. आता मनात असे आले की बाबांच्या गोळीला तपासणी लागत नाही, पालेभाजीचेही बंधन नाही, मग आपल्या आईंनाही तीच गोळी का देत नाहीत?

ग्रामीण_वैद्यक

हा प्रश्न या धाग्यातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा आहे. खेड्यापाड्यांत संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण, विशेषतः तिशी-चाळिशीतील स्त्रिया, आजही दिसतात, आणि तपासणीच्या त्रासाला कंटाळून त्यांची गोळी परस्पर बदलली जाण्याचा धोका असतो.

अशा रुग्णांवर आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील देशांत इन्व्हिक्टस ही चाचणी झाली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष आले. त्यातील ४,५३१ रुग्णांपैकी बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि सरासरी वय पन्नाशीचे होते. नवी गोळी, म्हणजे रिव्हरॉक्सॅबान, निदान बरोबरीची ठरेल अशी अनेकांची अपेक्षा होती. घडले उलट. जुन्या पद्धतीच्या, आयएनआर पाहून द्यायच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले आणि रक्तस्राव मात्र त्यामुळे वाढला नाही. म्हणून मिट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) मध्यम किंवा जास्त अरुंद असेल तर वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉलच द्यावे. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही तोच नियम आहे. त्यांच्यावरील डॅबिगॅट्रान या दुसऱ्या नव्या औषधाची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती.

यासाठीच ठोके अनियमित असलेल्या प्रत्येकाची निदान एकदा तरी इको तपासणी व्हावी असा माझा आग्रह असतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, नागपूर, यवतमाळ आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय आहे. इको न करता कोणती गोळी द्यायची हे ठरवता येत नाही.

उंदराच्या औषधाचा उल्लेख झाला, त्याबद्दल थोडे सांगतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा वाळला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत असत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातील कारणीभूत द्रव्य वेगळे केले आणि पुढे त्याच कुळातील वॉरफरिन तयार झाले. ते आधी उंदरांसाठी विकले गेले हे खरे आहे, परंतु १९५४ पासून ते मोजून-मापून माणसांसाठी वापरले जात आहे. अपिक्सॅबान या कुळातील औषधच नाही.

मोर्शीकर

खर्चाबद्दल कुणी लिहील काय? सोयाबीन आणि कापसाच्या पैशांवर घर चालते, पैसा हाती येतो तो वर्षातून एक-दोनदा. पुष्कळ जण पट्टी संपली की पुढचे पैसे येईपर्यंत थांबतात, किंवा दोनऐवजी एकच गोळी घेतात.

औषधी_दुकान

ही परिस्थिती मी रोज पाहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. रिव्हरॉक्सॅबान आणि अपिक्सॅबान यांच्या पेटंटची मुदत संपल्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या असून किमती पूर्वीपेक्षा बऱ्याच उतरल्या आहेत. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या किमतींत मोठा फरक असतो. दुकानदाराला नुसते पुढचे पाकीट द्या असे न म्हणता याच घटकाची स्वस्त गोळी आहे काय, असे स्पष्ट विचारावे. डॅबिगॅट्रान आणि वॉरफरिन ही दोन्ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे शासकीय रुग्णालयात त्यांची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये.

दोनऐवजी एक गोळी घेणे म्हणजे अर्धे संरक्षण, असा हिशेब येथे चालत नाही. अपिक्सॅबानचा परिणाम सुमारे बारा तासांत निम्मा होतो. एक वेळची गोळी चुकवली की दिवसाचा बराच भाग रुग्ण उघडा पडतो. पैसे कमी पडत असतील तर डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगावे. झडपा चांगल्या असलेल्या रुग्णालाही असिनोकुमेरॉल आणि आयएनआर हा स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. नियमित घेतलेले जुने औषध हे मध्येच बंद पडणाऱ्या नव्या औषधापेक्षा केव्हाही चांगले.

गोळ्या घेण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. रिव्हरॉक्सॅबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घ्यावी लागते, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. चतुर्थी, एकादशी किंवा नवरात्रात उपास करणाऱ्यांनी फराळाच्या मुख्य वेळेलाच ती घ्यावी. उपास आहे म्हणून गोळी वगळू नये. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवू नये आणि मूळ पाकिटातून काढून डब्यात साठवू नये, कारण ओलाव्याने ती खराब होते. अपिक्सॅबान जेवणाआधी किंवा नंतर केव्हाही चालते आणि गिळता येत नसेल तर कुटून पाण्यातून देता येते.

आरोग्य_सेविका

मी गडचिरोली जिल्ह्यात उपकेंद्रावर काम करते. सर्च संस्थेने आमच्या जिल्ह्यातील ८६ गावांत केलेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण आढळले होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. यात सर्व प्रकारचे पक्षाघात येतात आणि त्यांचे मोठे कारण न सांभाळलेला रक्तदाब हेच आहे. तरीही ठोके अनियमित असलेला माणूस नाडी पाहिल्याशिवाय सापडत नाही. म्हणून रक्तदाब मोजायला आलेल्या साठीपुढच्या प्रत्येकाची नाडी मी अर्धा मिनिट बोटांनी पाहते आणि ती वेडीवाकडी लागली की ईसीजीसाठी पाठवते.

आमच्या भागातील काही गोष्टी मोठ्या शहरातील डॉक्टरांच्या चिठ्ठीत येत नाहीत, त्या येथे नोंदवते. क्षयरोगाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन ही गोळी असिनोकुमेरॉलचा आणि नव्या गोळ्यांचाही परिणाम फार कमी करते. क्षयरोगाचे उपचार सुरू होत असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवावीच लागते. साप चावल्यास, विशेषतः घोणस किंवा फुरसे असल्यास, विषामुळेच रक्त गोठत नाही आणि दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून तेच तपासतात. रुग्ण आधीपासून अशी गोळी घेत आहे हे त्या वेळी न सांगितल्यास तपासणीचा चुकीचा अर्थ लागू शकतो. मे महिन्याच्या उन्हात जुलाब-उलट्या होऊन शरीरातील पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि औषध शरीरात साचते. डॅबिगॅट्रानच्या बाबतीत हे अधिक, कारण त्याचा सुमारे ८० टक्के भाग मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतो. अशा वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे.

गोळीचे नाव, मात्रा आणि ती कशासाठी आहे हे मराठीत लिहिलेली चिठ्ठी बंडीच्या किंवा सदऱ्याच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला मी सर्वांना सांगते. शेतात बेशुद्ध पडलेला माणूस स्वतः काही सांगू शकत नाही.

पऱ्हाटी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना आणि मोठेबाबांना हा धागा वाचून दाखवला. ॲस्पिरिनचे आकडे ऐकून मोठेबाबांनी आपला आग्रह सोडला आणि बाबा गोळी घ्यायला तयार झाले आहेत. आता तीन शंका उरल्या आहेत. शेतात विळा लागला तर काय करावे? गोळी घ्यायची राहिली तर काय करावे? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती बंद करावी लागेल काय?

ग्रामीण_वैद्यक

विळ्याची जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून दहा मिनिटे धरावी. मध्येच उघडून पाहू नये. साधी जखम थांबते, फक्त थोडा वेळ अधिक लागतो. दहा-पंधरा मिनिटे दाबूनही रक्त वाहत राहिले किंवा जखम खोल असली तर दवाखाना गाठावा.

अपिक्सॅबान चुकली आणि ठरलेल्या वेळेनंतर सहा तासांच्या आत आठवले तर लगेच घ्यावी. त्यापेक्षा उशीर झाला असेल तर ती सोडून पुढची वेळेवर घ्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. असिनोकुमेरॉल त्याच दिवशी आठवले तर घ्यावे, दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थेंब टाकून भूल देऊन होत असेल तर गोळी बहुधा बंद करावी लागत नाही. एखाद-दुसरा दात काढतानाही बहुतेक वेळा तसेच असते. परंतु निर्णय शस्त्रक्रिया करणारा आणि गोळी देणारा अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावा आणि बंद करायचीच ठरली तर पुन्हा कोणत्या दिवशी सुरू करायची हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. शस्त्रक्रियेपुरती बंद केलेली गोळी पुढे कायमची बंदच राहिली आणि काही महिन्यांनी पक्षाघात झाला, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

मात्रेबद्दलही लिहितो. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तीनपैकी दोन गोष्टी असतील तरच अपिक्सॅबानची मात्रा २.५ मिलिग्रॅमवर आणतात. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या माणसांचे वजन बहुधा साठच्या आतच असते. केवळ तेवढ्यावरून मात्रा निम्मी करणे योग्य नाही.

आर्वीची_लेक

डॉक्टरसाहेब, शेवटचे एक विचारते. आई आता थोडी तोल जाऊन चालते. नातेवाईक म्हणतात की पडण्याची भीती असेल तर अशी गोळी देऊच नये.

ग्रामीण_वैद्यक

ताई, केवळ पडण्याच्या भीतीने गोळी बंद करू नये. ज्या वयात माणूस पडू लागतो त्याच वयात पक्षाघाताचा धोकाही सर्वांत जास्त असतो, आणि आईंची झडप अरुंद असल्यामुळे त्यांचा धोका साध्या रुग्णापेक्षाही कितीतरी अधिक आहे. पडणे कमी करण्याचे उपाय करावेत: न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री उजेड, उंबरठ्यापाशी काठी, डोळ्यांची तपासणी, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना चक्कर येते काय हे पाहणे.

डोक्याला मार लागला तर मात्र बाहेरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि पोहोचताच गोळीचे नाव आधी सांगावे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा आणि आई शेवटची नीट कधी दिसली ती वेळ लिहून घ्यावी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते आणि ते द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी आपल्या वहीतील शेवटचा आयएनआर डॉक्टर सर्वांत आधी विचारतील, म्हणून वही सोबत असू द्यावी.